कुस्कोत शंभराची नोट देताना सावध

पेरूला जाणार असाल तर हे आधी वाचा. कुस्कोत आमचे २०० सोल, म्हणजे साडेचार-पाच हजार रुपये, डोळ्यांदेखत गेले. रक्कम फार नाही, पण ज्या सफाईने गेले ते बघता पुढचा नंबर कुणाचाही लागेल.

मुख्य चौकात, प्लासा दे आर्मासवर, सकाळी रंगीत जाकिटं घातलेले गाईड उभे असतात. सहल पायी, फी नाही, शेवटी खुशीने टिप द्यायची अशी पद्धत. आम्ही फोनवरून नाव नोंदवलं होतं. त्याच रंगाच्या जाकिटातला एक जण आला, "अमिगो, तुमचा ग्रुप पुढे गेला, चला" म्हणाला आणि चालू लागला. नाव विचारलं नाही, यादी काढली नाही. खरा गाईड आधी यादी बघतो, हे नंतर कळलं.

माणूस बोलायला पटाईत, आणि सांगत होता ते खरं होतं, तेवढं मान्य करायला हवं. लोरेतो गल्लीतल्या आत झुकलेल्या इंका भिंती त्याने दाखवल्या. १९५०च्या भूकंपात सांतो दोमिंगोच्या मठाची स्पॅनिश बांधणी ढासळली आणि तिच्याआडच्या सूर्यमंदिराच्या, कोरिकांचाच्या भिंती ठाम उभ्या राहिल्या, ही गोष्ट रंगवून सांगितली. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांच्या दगडाला हात लावणाऱ्या एका पोराला तर त्याने चक्क झापलं. २०२५च्या फेब्रुवारीत कुणीतरी त्या दगडावर घाव घालून टवके उडवले होते, तेव्हापासून सगळेच जरा हळवे झालेत म्हणे. असा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल?

शेवट सान ब्लासच्या चढावर. शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, त्यात तिथल्या दगडी पायऱ्या. नवख्या माणसाचा श्वास छातीत मावत नाही. नेमक्या त्या क्षणी त्याने टिप सोडून "फी" मागितली, दोघांचे साठ सोल. वाद घालायला दम कुठे होता? शंभराची नोट दिली. "सुटे आणतो" म्हणत तो शेजारच्या दुकानाच्या दारात वळला, लगेच परत आला. चेहरा पडलेला. "फाल्सो, सेन्योरा." नोट खोटी आहे, दुसरी द्या. दुसरी दिली, तीही "खोटी". शेवटी सुटे साठ गोळा करून दिले आणि वर आम्हीच त्याची माफी मागितली!

रात्री जेवणाचं बिल देताना गल्ल्यावरच्या बाईंनी त्या नोटेवरून अंगठा फिरवला, ती तिरकी धरली आणि न बोलता परत केली. दुसरीचंही तेच. कागद गुळगुळीत, छापील आकड्याला खरखर नाही, तिरकी केली तरी रंग बदलत नाही. आमच्या नोटा बँकेच्या एटीएममधून आलेल्या होत्या. दुकानाच्या दारात पाठ फिरली तेवढ्यात त्या खिशात गेल्या आणि खोट्या हातात आल्या. तिथे या प्रकाराला "काम्बियासो" म्हणतात. टॅक्सीवालेही हाच खेळ खेळतात असं हॉटेलवाल्याने सांगितलं.

पर्यटन पोलिसांकडे तक्रार दिली. त्यांनी सभ्यपणे लिहून घेतली, पण नाव ना पत्ता, शोधणार कुणाला?

आता कामाचं. या गल्ल्यांत चालायला तिकीट नाही, फी नाही. बोलेतो तुरिस्तिको, म्हणजे पर्यटन तिकीट, लागतं ते साक्सायवामानच्या इंका अवशेषांसारख्या ठिकाणी, आणि ते अधिकृत खिडकीवरच घ्यायचं. शंभराची नोट द्यावीच लागली तर देण्याआधी समोरच्याला दिसेल असा तिच्या नंबराचा फोटो काढा. नोट घेऊन कुणी वळला तर तिथेच थांबवा. आणि एटीएममधून शंभराच्या नोटा आल्या की त्या बँकेत किंवा सुपरमार्केटमध्ये मोडून दहा-वीसच्या करून घ्या. आम्ही पुढचा सगळा प्रवास तसाच केला.