यायलो की हेमसेडाल? पहिल्या स्कीइंगच्या सुट्टीसाठी

यायलो आणि हेमसेडाल ही नॉर्वेतली स्कीइंगची दोन गावं. यायलोचं नाव नकाशावर ‘जी’ अक्षराने सुरू होतं (Geilo), पण उच्चार ‘यायलो’. ते ओस्लो-बर्गन रेल्वेवरच आहे: ओस्लोहून साधारण साडेतीन तास, गाडी न बदलता. हेमसेडालला रेल्वे नाही. गोल स्टेशनला उतरून पुढे तीसेक किलोमीटर बसने जायचं, नाहीतर ओस्लोहूनच बस धरायची. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर भाड्याच्या गाडीचा मोह टाळा.

डोंगर म्हणून हेमसेडाल सरस आहे. लिफ्ट 1,450 मीटरच्या आसपास नेते आणि तिथून पायथ्यापर्यंतची उभी उतरण सुमारे 800 मीटरची. यायलोचा माथा 1,178 मीटर. पण घरातलं कुणीच कधी स्कीवर उभं राहिलं नसेल, तर ती जास्तीची उंची फुकट जाते. पहिले तीन दिवस पायथ्याशीच जातात. यायलोत गोम वेगळीच आहे. उतार दरीच्या दोन्ही अंगांना आहेत आणि मध्ये बस घ्यावी लागते. म्हणून आधी स्की-शाळा कुठल्या बाजूला ते बघा, मग खोली घ्या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर यायलोच. सपाटीवरच्या स्कीइंगचे आखलेले मार्ग आहेत, आणि रेल्वेने 1,222 मीटरवरच्या फिन्से स्टेशनला जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

कधी जायचं? वर्षाचा आठवा आणि नववा आठवडा (साधारण फेब्रुवारीचा उत्तरार्ध) नॉर्वेतल्या शाळांच्या हिवाळी सुट्ट्यांचा, तेव्हा गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. ईस्टरलाही तेच. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम.

दोन्हीकडे पहिला दिवस बिघडतो तो बुटांमुळे. थंडीच्या भीतीने लोक दोन मोजे चढवतात. पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. लोकरीचा एकच पातळ मोजा घाला. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकल लावा. गुडघे वाकवल्यावर नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टाच वर उचलली जाता कामा नये. आत सुती बनियन नको. घामाने भिजलं की लवकर वाळत नाही.

नॉर्वेला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा विमा लागतोच, पण त्यात स्कीइंगची दुखापत धरली आहे का ते वाचा. शाकाहाऱ्यांना हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली केबिन सोयीची. मात्र चादरी आणि शेवटची साफसफाई बऱ्याचदा भाड्यात नसते, बुकिंग करतानाच विचारा.