सिबिल सावरायचंय: फीवालं कार्ड, एफडीवरचं कार्ड की सोनेतारण?

सिबिलवरून, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्यावर ठरणाऱ्या स्कोअरवरून, कर्जाचा अर्ज एकदा परत आला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कोणीही एकच सल्ला देतं: क्रेडिट कार्ड घे, वापर, बिल भर, स्कोअर वर येईल. सल्ला खोटा नाही. पण कोणतं कार्ड, ते कोणी सांगत नाही, आणि सगळं त्यावरच ठरतं. जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ चं तौक्ते वादळ आणि त्याच वर्षी २२ जुलैचा चिपळूणचा पूर यांत ज्यांचे हप्ते तुटले, त्यांतले अनेक जण आज पुन्हा उभे राहिलेत. दुकान चालू आहे, बोट समुद्रात जाते, पण बँक मात्र दारात उभं करत नाही. अशा माणसाला गाठून फोन येतो, "दादा, सिबिल नसलं तरी कार्ड मिळेल, कागदपत्रं काही नकोत." हा लेख त्या फोनला उत्तर देण्याआधी वाचावा.

आणि कार्डाच्याही आधी स्वतःचा रिपोर्ट बघावा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण नुसत्या आकड्याकडे बघून काही कळत नाही. खाली प्रत्येक कर्जापुढचा शेरा वाचा. 'सेटल्ड' (कमी रकमेत तडजोड करून मिटवलेलं) किंवा 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं) असेल तर बँकेचा अधिकारी आधी तिथेच बोट ठेवतो, मग कार्डाची बिलं कितीही नीट भरलेली असोत. त्या कर्जाची उरलेली रक्कम भरून 'नो ड्यूज'चं पत्र घेणं आणि शेरा बदलून घेणं हे पहिलं काम. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

फीवालं कार्ड

हर्णै बंदरावर बर्फाचा धंदा करणाऱ्या एका ओळखीच्या भाऊंनी त्यांच्या अशा फीवाल्या कार्डाचं पहिलं बिल मला दाखवलं. लिमिट १५,००० रुपये. कार्डावर खरेदी शून्य. तरी बिलात जॉइनिंग फी ९९९, 'क्रेडिट सुधार' सदस्यत्वाचे महिन्याचे १९९ आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,४१४ रुपये. आपण कार्ड वापरलंच नाही तर बिल कसलं, असं समजून त्यांनी तो मेसेज उघडलाच नव्हता. त्यामुळे स्कोअर वाढवायला घेतलेल्या कार्डावर पहिल्याच महिन्यात लेट फी लागली.

पूर्ण वर्षाचा हिशोब मांडा. ९९९ अधिक १९९ गुणिले बारा, म्हणजे ३,३८७. जीएसटी धरून ३,९९७. पंधरा हजार लिमिटचे साडेसव्वीस टक्के नुसत्या फीत गेले, तेही एकही दिवस उशीर न करता. अमेरिकेत, जिथे अशी कार्डं वर्षानुवर्षं विकली जात आहेत, तिथे २००९ च्या कायद्याने पहिल्या वर्षाची फी लिमिटच्या २५ टक्क्यांपर्यंतच ठेवायची अट घातली. साउथ डकोटाच्या फर्स्ट प्रीमियर बँकेने त्यानंतर व्याज ७९.९ टक्क्यांवर नेलेलं कार्ड बाजारात आणलं. म्हणजे एकीकडे बांध घातला तर पाणी दुसरीकडून वाट काढतं. आपल्याकडे फीवर अशी टक्केवारीची मर्यादा नाही. व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली.

व्याजही समजून घ्या. अनेक कार्डांवर दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतो. महिन्याचा आहे म्हणून छोटा वाटतो. वर्षाचे होतात ४२ ते ४५ टक्के. दहा हजार थकले तर पावणेचार टक्क्यांनी महिन्याला ३७५ व्याज आणि त्यावर ६७.५० जीएसटी. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरत राहिलं तर रिपोर्टात उशीर दिसत नाही हे खरं, पण मुद्दल जागचं हलत नाही, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.

एफडीवरचं कार्ड

बँकेत एफडी ठेवायची, ती तारण राहते आणि तिच्या साधारण ८० ते १०० टक्के लिमिटचं कार्ड मिळतं. एसबीआय कार्डचं उन्नती, आयडीएफसी फर्स्टचं वाव, कोटक ८११ चं ड्रीम डिफरंट ही याच जातीची कार्डं. पैसे बँकेकडेच असल्याने खराब सिबिलवाल्यालाही हे सहसा नाकारलं जात नाही. समजा २०,००० ची एफडी आहे आणि दर साडेसहा टक्के. वर्षाला १,३०० रुपये व्याज तुमच्याच खात्यात येतं. तिकडे चार हजार गेले, इथे तेराशे आले. आणि दोन्ही कार्डांच्या परतफेडीची नोंद सिबिलच्या रिपोर्टात जाते. जास्त फी भरली म्हणून जास्त गुण मिळत नाहीत. ही एवढी गोष्ट फोनवरचा माणूस कधी सांगणार नाही.

पण एफडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बिल थकलं तर बँक एफडीतून वसूल करेल, पण तोवर झालेला उशीर रिपोर्टात चढलेला असेल. या कार्डावरचं व्याजही एफडीवरच्या कर्जासारखं कमी नसतं. रोख रक्कम तर कार्डातून काढूच नका. फी आणि व्याज दोन्ही त्याच दिवसापासून लागतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती दोन्ही कार्डांना लागू पडते. बिल दर महिन्याला येतं, पैसा हंगामाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, वाशीहून येते ती मार्चपासून मेपर्यंत. होमस्टेवाल्यांचे पावसाळ्यात हाल, आणि लगेच गणपतीचा खर्च. स्कोअर बिघडतो तो याच महिन्यांत. म्हणून एफडी मेअखेरीला करा, आणि पट्टीतले थोडे पैसे बचत खात्यात वेगळे ठेवून ऑटो-डेबिट पूर्ण बिलाचं लावा, मिनिमम ड्यूचं नव्हे. कार्डावर एकच ठरलेला खर्च टाका, महावितरणचं बिल किंवा मोबाइल रिचार्ज. वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहू दे; अठरा हजारांच्या लिमिटवर ५,४०० पर्यंत. ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटेपर्यंत बँकेला लेट फी लावता येत नाही की उशिराची नोंद करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो खाडीपलीकडे रेंज गेली त्या दिवसासाठी राखून ठेवा.

एफडीला पैसेच नाहीत, म्हणून फीवालं कार्ड घेतो, असं कोणी म्हणालं तर मी त्याला आधी आरडी काढायला सांगेन. महिना दोन हजारांची दहा महिन्यांची आरडी संपली की वीस हजार हातात असतात. दहा महिने थांबावं लागेल. पण ज्याचं सिबिल पुरापासून अडकलंय, त्याचं दहा महिन्यांनी बिघडत नाही, चार हजार गेल्याने मात्र नक्की बिघडतं.

सोनेतारण आणि पतसंस्था

तुम्हाला आत्ता रोख रक्कमच हवी असेल, जाळी घ्यायची असेल किंवा छप्पर टाकायचं असेल, तर कार्ड हा विषयच नाही. बँकेचं सोनेतारण कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, त्याची नोंद सिबिलला जाते आणि वेळेवर फेडलं तर फायदाही होतो. फक्त मुदत हंगामाशी जुळवून घ्या, नाहीतर दागिना लिलावाला लागतो. पतसंस्थेचं कर्ज सोयीचं असतं, माणसं ओळखीची असतात, पण त्याची परतफेड बहुतेकदा सिबिलला दिसतच नाही. सही करण्याआधी मॅनेजरसाहेबांना हे सरळ विचारा.

फीवालं कार्ड आधीच घेतलं असेल तर

कार्ड नुसतं घरी आलंय आणि चालू केलेलं नाही, तर ओटीपी देऊ नका. ३० दिवसांत चालू न केलेल्या कार्डासाठी कंपनीला तुमची ओटीपीने संमती मागावी लागते, आणि ती मिळाली नाही तर कोणताही खर्च न लावता खातं बंद करावं लागतं. चालू केलं असेल तर आधी सदस्यत्व आणि विमा असले जोड-खर्च लेखी कळवून थांबवा. एफडीवरचं कार्ड हातात आलं की सगळी बाकी शून्य करा आणि बंद करण्याचा अर्ज ईमेलने पाठवा, फोनवर नको, म्हणजे तारीख राहते. सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही, आणि तुमच्याकडे काही बाकी नसेल, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये कंपनी तुम्हाला देणं लागते. दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून ते खातं 'क्लोज्ड' दिसतंय का ते बघा. नसेल तर त्या ईमेलची प्रत जोडूनच तक्रार करा.