धंद्याची चार पुस्तकं आणि कोकणातला हंगाम : वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

वेंगुर्ले तालुक्यात आमचा कोकम, आंबापोळी आणि काजूगराचा घरगुती कारखाना आहे आणि रस्त्याला लागून छोटं दुकान. मोसमात गावातल्या चार-पाच बायका कामाला येतात, पावसाळ्यात घरची माणसंच सगळं बघतात. गेल्या वर्षभरात मी धंद्यावरची तीन आणि भाषणावरचं एक अशी चार इंग्रजी पुस्तकं वाचली आणि त्यातलं दुकानात, हिशेबाच्या वहीत आणि माइकसमोर वापरून पाहिलं. आपल्यासारख्यांनी यातलं कुठलं घ्यावं, कुठल्यातलं काय सोडून द्यावं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. बोलण्याबद्दलचा सल्ला आपल्याकडे जवळजवळ जसाच्या तसा चालतो. पैशाबद्दलचा सल्ला दर महिन्याला कमाई येणाऱ्या धंद्यांसाठी लिहिलेला आहे. कोकणात तो हंगाम बघून पुन्हा बेतावा लागतो, आणि तसा बेतला तर फार उपयोगी पडतो.

सर्वात जास्त वापरलं ते डेल कार्नेगींचं ‘द क्विक अँड ईझी वे टू इफेक्टिव्ह स्पीकिंग’. कार्नेगींनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत संध्याकाळचे भाषणवर्ग सुरू केले. दिवसभर कामधंदा करून दमलेली माणसं तिथे शिकायला यायची. हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये, त्यांच्या पत्नी डॉरोथी कार्नेगींनी नव्याने सिद्ध करून काढलं. उदाहरणं जुनी आहेत आणि बहुतेक अमेरिकी पुरुषांची आहेत, पण सल्ला वर्गात माणसांवर पारखून घेतलेला आहे हे पानोपानी जाणवतं. त्यातल्या तीन गोष्टी मला लागू पडल्या. जे स्वतः अनुभवलंय त्यावरच बोला. भाषण शब्दशः पाठ करू नका. आणि दोन-तीन मिनिटांचं बोलणं असेल तर आधी एक घडलेला प्रसंग सांगा, मग लोकांनी काय करावं ते एकाच वाक्यात सांगा, मग त्यात त्यांचा काय फायदा ते सांगा.

हे दुकानात कसं उतरतं ते बघा. पर्यटकांची बस थांबली की आपल्याकडे साधारण सुरुवात होते ती अशी : ‘आमच्याकडे शुद्ध, घरगुती, उत्तम प्रतीचं कोकम मिळेल.’ हे वाक्य त्या लोकांनी मालवणपासून इथपर्यंत प्रत्येक दुकानात ऐकलेलं असतं. मी आता मे महिन्यातली एक दुपार सांगते. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, परत रसात, परत उन्हात, असं अनेक वेळा केल्यावर आमसूल तयार होतं. अशी निम्मीशिम्मी झालेली सोलं खळ्यात, म्हणजे अंगणात, पसरलेली होती आणि डोंगराकडून ढग चढून आला. शेजारपाजारच्या बायका चुलीवरचं तसंच टाकून धावत आल्या आणि पहिला थेंब पडायच्या आत सगळी सोलं पडवीत गेली. एवढं सांगून झालं की मी म्हणते, आमसूल कुठूनही घ्या, पण पिशवीवरून बोटाने दाबून बघा. मऊ लागलं तर ते नीट झालेलं आहे, कडक आणि कोरडं लागलं तर जुनं असण्याची शक्यता जास्त. फायदा त्यांचा, कारण घरी गेल्यावर आमटीत चार टाकायची की दोन हे त्यावरच ठरतं.

लोक पिशव्या हातात घेऊन खरंच दाबून बघतात. हातात घेतल्यावर प्रश्न सुरू होतात, आगळ आणि अमृत कोकम यात फरक काय, सोलकढीला कुठलं चालतं. मग मला विकावं लागत नाही, फक्त उत्तरं द्यावी लागतात. आगळ म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, त्यात साखर नसते, ते कढीसाठी. अमृत कोकम साखरेचं, ते सरबतासाठी. एवढं समजलं की बहुतेक जण दोन्ही नेतात.

पाठ न करण्याचा सल्ला तर आपल्या भागात वेगळा सांगायला नको. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की आपण रात्रभर दशावतार बघतो. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुठला प्रसंग कुणाचा ते वाटून घेतात, आणि संवाद रंगमंचावर उभं राहूनच होतात. कलावंताला गोष्टीचा क्रम पक्का ठाऊक असतो आणि आपलं पात्र ठाऊक असतं, म्हणून शब्द अडत नाहीत. मी या वर्षी जत्रेत मुद्दाम लक्ष देऊन बघितलं. राजा बोलता बोलता थांबतो, पेटी-मृदंगाला वाव देतो, आणि त्या थांबण्यात मागे बसलेली माणसंसुद्धा गप्प होतात. थांबा, घाई करू नका, असं पुस्तक सांगतं. ते कसं करायचं ते मला जत्रेत दिसलं. माझ्या कागदावर आता फक्त चार-पाच शब्द असतात : ढग, पडवी, दाबून बघा, आमटी.

पुस्तकात दोन गोष्टी मात्र नाहीत. एक म्हणजे उघडा मांडव. त्यातलं सगळं बोलणं बंद सभागृहात चालतं. आपल्याकडे महोत्सवाचा मांडव समुद्राकडे तोंड करून, शेजारी जनरेटर, वाऱ्याने माइक फुर्र फुर्र करतो. तिथे वाक्य लहान ठेवावं लागतं, माइक तोंडाच्या थोडा बाजूला धरावा लागतो, आणि वाऱ्याला पाठ देऊन उभं राहता आलं तर फार बरं. दुसरी गोष्ट भाषेची. बचत गटाच्या मेळाव्यात मी मालवणीत बोलते आणि तिथे काहीच अडत नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांपुढे प्रमाण मराठी धरली की आपल्या तालुक्यातल्या किती तरी हुशार बायका आवळून बोलतात, वाक्यं छापील होतात. मी आता वाक्यं त्यांना कळतील अशी ठेवते, पण घरातली माणसं प्रसंगात जे बोलली ते मालवणीतच सांगते. ‘गो, सोला भिजतली, धाव!’ हे भाषांतर करून सांगितलं तर त्यातली धावपळच निघून जाते.

नुसत्या वाचनाने बोलणं सुधारत नाही, सराव लागतोच. त्यासाठी टोस्टमास्टर्सची पद्धत मी उचलली. भाषणाचा सराव करून घेणारी ही संस्था राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे सुरू केली. त्यांच्या सभेत वेळ मोजणारा एक असतो, अडखळणारे शब्द मोजणारा एक असतो, आणि भाषणानंतर दुसरा सभासद त्याचं मूल्यमापन करतो. आम्ही बचत गटाच्या बायकांनी हेच खळ्यात सुरू केलं. वेळेसाठी त्यांच्याकडे दिवे असतात, आम्ही हिरवं, पिवळं आणि लाल फडकं धरतो. ‘म्हणजे’, ‘काय ता’, ‘आणि मगे’ किती वेळा आलं ते एक जण मोजते. मूल्यमापनाचा नियम आम्ही कडक ठेवला आहे : काय आवडलं ते आधी, आणि सुधारायची गोष्ट एकच. आमच्यातली एक जण, जी हजेरीच्या वेळी नाव सांगतानासुद्धा खाली बघायची, ती आता बँकेच्या अधिकाऱ्याला काजू फोडायच्या यंत्राच्या कर्जाची गरज उभं राहून समजावून सांगते. या वर्षात मला सगळ्यात मोठा आनंद त्याचा झाला.

याच काळात शहरातल्या एका हॉटेलात भरलेल्या महागड्या शिबिरालाही जाऊन आले. नाव घेत नाही. दोन दिवस टाळ्या, घोषणा आणि ‘मी करू शकतो’ असं ओरडणं. एकालाही उभं करून त्याच्या मालाबद्दल दोन मिनिटं बोलायला लावलं नाही. तेवढ्या पैशांत चारही पुस्तकं घेऊन बाटल्यांची एक खेपसुद्धा आली असती. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी एकच विचारा : आम्हाला प्रत्यक्ष किती वेळा बोलायला मिळेल?

दुसरं पुस्तक रॉब फिट्झपॅट्रिक यांचं ‘द मॉम टेस्ट’, २०१३ चं. लहानसं आहे, दोन संध्याकाळींत होतं. गिऱ्हाइकाला आपल्या कल्पनेबद्दल मत विचारू नका, त्याने मागे प्रत्यक्ष काय केलं ते विचारा, आणि बोला कमी, ऐका जास्त, एवढंच त्याचं सूत्र आहे. कारण तोंडावर सगळे चांगलंच म्हणतात. माझ्या मते दुकानदारासाठी चारांतलं हे सर्वात कामाचं. ‘ऑनलाइन पाठवलं तर घ्याल का?’ असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो. त्याऐवजी मी परत आलेल्या गिऱ्हाइकांना विचारायला लागले, मागच्या वेळी नेलेली आगळाची बाटली किती दिवसांनी संपली? आणि उत्तरं ऐकून थक्क झाले. पुष्कळांची बाटली संपलेलीच नव्हती. कढी एकदा केली, खारट झाली, मग बाटली फ्रीजच्या दारात तशीच. त्यांना प्रमाणच माहीत नव्हतं. आपण लहानपणापासून अंदाजाने ओततो, ठाण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला तो अंदाज कुठून येणार? आम्ही छोटी बाटली काढली, लेबलवर एका नारळाच्या रसाला किती चमचे आगळ ते लिहिलं, आणि वेगळं मीठ घालण्याआधी चव बघा असंही लिहिलं. आज दुकानात मोठीपेक्षा ती छोटी बाटली जास्त जाते.

आता पैशाचं. माइक मिकॅलोविट्झ यांचं ‘प्रॉफिट फर्स्ट’ २०१४ चं. विक्रीतून खर्च वजा करून उरेल तो नफा, हे उलटं करा, असं ते म्हणतात : विक्रीतून आधी नफा बाजूला काढा, उरेल त्यात खर्च भागवा. जमा, नफा, मालकाचा पगार, कर आणि खर्च अशी वेगवेगळी खाती ठेवायची आणि महिन्याच्या १० आणि २५ तारखेला ठरलेल्या टक्क्यांनी पैसे वाटायचे. सुरुवात अगदी एक टक्का नफ्यापासून केली तरी चालते. कल्पना अतिशय चांगली आहे. घरातली बाई धंदा करते तेव्हा तिचा पगार कुणी धरतच नाही, आणि हे पुस्तक तो आधी बाजूला काढायला लावतं, यासाठी तर मी ते प्रत्येक बचत गटाला वाचायला देईन.

पण १० एप्रिलला आपल्याकडे वाटायला असतं काय? मार्च ते मे रातांबे, हापूस, काजू बी सगळं रोखीने घ्यायचं, शिवाय मीठ, साखर, बाटल्या, मजुरी. पैसा सगळा मालात असतो. जून ते सप्टेंबर रस्त्यावर पर्यटक जवळजवळ नसतात, गणपतीत चाकरमानी येतात तेवढीच विक्री. खरी कमाई दिवाळीपासून नाताळपर्यंत आणि मग मेच्या सुट्टीत. म्हणून मी तारखा सोडल्या आणि एक खातं वाढवलं : पुढच्या हंगामाचा माल. दिवाळीपासून विक्री सुरू झाली की पहिला वाटा त्याला, मग घरपगार, मग नफा. शिवाय पाच चालू खाती उघडली तर प्रत्येकात किमान शिल्लक अडकून पडते. त्यामुळे मालाचे पैसे मी बँकेत मुदत ठेवीत टाकते आणि ती मार्चमध्ये मोकळी होईल अशी मुदत घेते. पहिला रातांबा पडायच्या आत पैसे हातात. या वर्षी बागायतदाराला जागेवर पैसे देता आले, त्यामुळे फळही निवडून मिळालं.

उधारीचा विषय पुस्तकात फारसा नाही, आणि आपला निम्मा जीव त्यातच अडकलेला असतो. इथे आपला कायदा जास्त उपयोगी आहे. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास, कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. सरकारची ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या, तो क्रमांक बिलावर छापा आणि खाली ही ४५ दिवसांची ओळ टाका. मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याशी फोनवर वाद घालण्यापेक्षा बिलावरची ती ओळ जास्त काम करते.

मायकल गर्बर यांच्या १९९५ च्या ‘द ई-मिथ रिव्हिजिटेड’बद्दल थोडक्यात. पदार्थ उत्तम बनवता येतो म्हणून पदार्थाचा धंदाही चालवता येईल, हा समज चुकीचा आहे, असं ते ‘पाय’ (सारण भरून भाजलेला अमेरिकी पदार्थ) विकणाऱ्या सारा नावाच्या बाईच्या गोष्टीतून सांगतात. तिची दमणूक वाचताना आपल्याकडच्या निम्म्या गृहउद्योगांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. कामाची पद्धत लिहून काढा, हा सल्ला मी लगेच घेतला. मिठाचं प्रमाण, किती पुटं, आंबापोळीचा थर किती जाड, सगळं आता भिंतीवर लावलेलं आहे आणि मी दोन दिवस बाहेर असले तरी माल तोच उतरतो. मात्र पुढे ते मॅकडॉनल्ड्सचा दाखला देऊन सगळीकडे एकसारखंपणा मागतात, ते मला पटत नाही. रातांब्याची आंबटाई झाडागणिक बदलते, हापूसचा रस वर्षागणिक बदलतो. चाखून ठरवणारा माणूस लागतोच. पुस्तक लांबवलेलंही आहे, पहिला अर्धा भाग वाचला तरी पुरे.

कुणाला कुठल्या क्रमाने सांगीन? दुकान असेल तर ‘द मॉम टेस्ट’ आधी. मेळावे, महोत्सव, बँक अशा ठिकाणी बोलावं लागत असेल तर कार्नेगी, आणि सोबत चार मैत्रिणी गोळा करून फडकी धरा. माणसं कामाला ठेवणार असाल तरच गर्बर. ‘प्रॉफिट फर्स्ट’ जूनमध्ये वाचायला घ्या. पावसात बँकेत गर्दी कमी असते, खाती आणि मुदत ठेवीचे कागद तेव्हाच तयार करून ठेवता येतात आणि दिवाळीची पहिली विक्री थेट वाटून टाकता येते. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला दर रविवारी एक प्रकरण वाचून सांगायला लावा. आमच्या गटात ते असंच चाललंय, आणि त्या पोरांनाही बोलायचा सराव होतो आहे.