दुखत होता गुडघा, मूळ निघालं मांडीत: लातूरच्या फिजिओथेरपी क्लिनिकचा माझा अनुभव

मी अंबाजोगाईची. तीस वर्षं झाली ब्लाउज शिवते. लातूरला औसा रोडवर ज्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मी श्रावणापासून दिवाळीपर्यंत गेले, त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. गुडघा आतल्या बाजूनं दुखतोय, एक्सरेत झीज सांगितलीय आणि आता वाटी बदलण्याचीच वाट बघायची, असं धरून बसलेल्या बाया माझ्याकडं रोज येतात. त्यांच्यासाठी लिहितेय, म्हणून थोडं लांबेल.

सुरुवात अगदी साधी झाली. मागच्या डिसेंबरात लग्नसराईचं काम चालू होतं. उठताना मशीनच्या लोखंडी स्टँडचा कोपरा उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला लागला. काळंनिळं पडलं, आठ दिवसांत उतरलं. पण पुढं तिथं आग व्हायला लागली. ठणका वेगळा आणि आग वेगळी. ही आग मिरच्या कांडल्यावर हाताची होते तशी होती. साडीची किनार घासली तरी सोसायची नाही. जिना चढताना वाढायची. रात्री कुशीवर झोपलं आणि एक गुडघा दुसऱ्याला टेकला की जाग यायची, मग मी मधे उशी घेऊन झोपू लागले.

गावात एका ठिकाणी दाखवलं. एक्सरे काढला. "गॅप कमी झालाय, झीज आहे, वय झालं," इतकंच बोलणं झालं. माझं वय 51. गोळ्या दिल्या, दहा दिवस शेक घ्यायला लावला, नी-कॅप वापरा म्हणाले आणि दोन-चार वर्षांनी वाटी बदलावी लागेल असं सांगितलं. पायाला कुणी हातसुद्धा लावला नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. माझं पोट पायावर चालतं.

नी-कॅप मेडिकलमधून आणली. दुकानदारानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि 'लार्ज' काढून दिली. सात महिने ती मी रात्रंदिवस घातली. काढली की मांडीवर वळ दिसायचा. दुखणं वाढलं की मला वाटायचं सैल झाली असेल, म्हणून मी ती आणखी वर ओढायची.

या क्लिनिकची माहिती गंजगोलाईत अस्तर आणि हुक घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या बाईंनी दिली. अंबाजोगाईहून सकाळची एसटी धरली. रेणापूर येईपर्यंत पाय अवघडून गेला होता.

आत गेल्यावर मॅडमनी एक्सरे हातात घेतला, पण बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मावशी, आधी दुखतं कुठं ते एका बोटानं दाखवा." मला एका बोटानं दाखवता येईना, कारण ते एका जागी नव्हतंच. माझ्या पर्समध्ये मार्किंगचा खडू असतोच, तो काढून मी म्हटलं, आखून दाखवू का? त्या म्हणाल्या, आखा. गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावरून रेघ सुरू झाली, आतल्या बाजूनं गुडघ्यावरून उतरली, एक फाटा वाटीच्या खाली गेला आणि दुसरा नडगीच्या आतल्या कडेनं घोट्याकडं. मॅडम त्या रेघेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांधा असा रेघेत दुखत नाही. रेघेत दुखते ती नस."

पुढचा पाऊण तास त्यांनी जे केलं त्यासाठीच मी हे क्लिनिक नावाजते. गुडघ्याच्या फटीवर दाबलं, दुखलं नाही. पाय दुमडून, वळवून, सरळ करून पाहिला, गादी फाटली असती तर त्यात कळ आली असती. गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला, जिथं तीन स्नायूंचे दोर हाडाला धरतात आणि जिथं सूज येते, तिथंही चाचपलं. कंबर बघितली, खुबा फिरवून बघितला, छोट्या हातोडीनं दोन्ही गुडघ्यांवर ठोकलं. ही नस कमरेतल्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळून निघते, म्हणून तिकडची शंका आधी काढून टाकायची, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही पायांची ताकद सारखी निघाली. मग कापसाचा बोळा फिरवला. डाव्या पायाला नीट कळत होता. उजव्याला वाटीच्या खाली आतल्या बाजूला जाड कापडावरून फिरवल्यासारखा. शेवटी त्यांनी गुडघ्याच्या वर, चारेक इंचांवर, मांडीच्या आतल्या बाजूला अंगठा टेकवला आणि मी ओरडले. दाबलं वर, आणि आग उतरली थेट नडगीपर्यंत. माझ्या खडूच्या रेघेवरूनच.

नसेचं नाव सॅफेनस. मॅडमनी प्लास्टिकचा पाय आणून दाखवली. ती मांडीत स्नायूंच्या मधल्या एका बोगद्यातून खाली येते, त्याला हंटर्स कॅनाल म्हणतात, आणि गुडघ्याच्या वर एका चिवट पडद्यातून बाहेर पडते. मला ते लगेच समजलं. परकराच्या नेफ्यातून नाडी जाते तसंच आहे हे. नाडी आत सरकती पाहिजे. नेफ्याचं तोंड आवळलं की नाडी तिथंच अडते आणि ओढली की सगळीकडं चुण्या पडतात. ही नस फक्त स्पर्शाची, ती कुठलाही स्नायू हलवत नाही. म्हणून पायात जोर असतो, चालता येतं, एक्सरेत काही दिसत नाही आणि माणूस मात्र आगीनं हैराण. त्या बोगद्यावरून जो लांब स्नायू जातो त्याचं नाव सार्टोरियस, आणि ते नाव लॅटिनमधल्या शिंपी या शब्दावरून पडलंय, मांडी घालून बसण्याच्या आमच्या सवयीमुळं. हे ऐकून मला फार जवळचं वाटलं. काजं, हुक, तुरपाई हे सगळं मी तीस वर्षं मांडी घालूनच केलंय.

मग त्यांनी नी-कॅप मागितली आणि टेप घेतला. वरची कड न ताणता 12 इंच भरली. माझी मांडी त्याच जागी साडेसतरा. ब्लाउजच्या बाहीला मी असं माप ठेवलं तर बाईचा दंड काळा पडेल. आणि कडेचा वळ बरोबर त्या चार इंचांवरच्या जागेवर. मार लागून नस चिडली असेल, नी-कॅपनं ती सात महिने दाबून धरली आणि तासन् तास मांडी घालून बसण्याचीही भर पडली असावी, असं मॅडमचं म्हणणं. झीज एक्सरेत आहेच, या वयात ती पुष्कळ जणींच्या एक्सरेत दिसते, पण ही आग तिची नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

उपचार अवघड नव्हते. नी-कॅप त्याच दिवशी बंद. गरम पिशवी बंद, कारण जिथं कळत कमी आहे तिथं भाजलेलंही कळत नाही. मांडी घालून वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. आता मी स्टुलावर बसून हुक लावते. मांडीचे स्नायू मॅडम हातानं मोकळे करायच्या. नस सरकवण्याचा व्यायाम शिकवला, तो ताणायचा नाही, नाडी नेफ्यात मागं-पुढं करतो तितक्या हलक्या हातानं करायचा. पहिल्या आठवड्यात मी जास्त जोर लावला आणि दोन दिवस आग वाढली. चूक माझी होती. आणि कातडीला स्पर्शाची सवय लावायला वेगवेगळी कापडं फिरवायची. मी आधी मलमल घेतली, मग टू बाय टू, शेवटी टॉवेलचं कापड. टॉवेल सोसायला मला सव्वा महिना लागला.

चार आठवड्यांनी निम्मं कमी झालं आणि तिथंच थांबलं. इथं मॅडमनी मला आणखी बैठकांत अडकवून ठेवलं नाही. लगेच एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी सोनोग्राफीत बघून नसेजवळ बधिर करण्याचं औषध सोडलं. पंधरा मिनिटांत आग गेली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. नसच कारण आहे याचा तो पुरावाच, असं डॉक्टर म्हणाले. रात्री औषधाचा अंमल उतरल्यावर थोडं परत आलं, पण पहिल्यासारखं कधीच नाही. व्यायाम चालूच ठेवले. पुन्हा इंजेक्शन लागलं नाही. काहींना लागतं, क्वचित कुणाला नस मोकळी करण्याचं ऑपरेशनही लागतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

आता उणं. गुडघ्यांचे पेशंट येतात ते क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. माझ्या समोर एक आजी पहिल्या मजल्यावर पायरीवर बसून राहिल्या होत्या, त्यांना मॅडम खाली येऊन तपासून गेल्या, पण हे रोज कसं जमणार? खाली एक खोली घ्या, एवढी माझी मनापासून विनंती आहे. व्यायामाचा कागद इंग्रजीत छापलेला. मला लेकीकडून वाचून घ्यावा लागला. मी सांगितल्यावर मॅडमनी हातानं मराठीत लिहून दिला, मग तोच छापून का ठेवू नये? बाहेरगावच्या माणसानं सकाळी पहिला नंबर लावावा, दुपारी दीड-दोन तास बसावं लागतं. पहिल्या तपासणीचे 400 घेतले, पुढं दर वेळी 250. अंबाजोगाईहून एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर स्वस्त नाही, पण मला जड वाटलं नाही.

गुडघा सुजला असेल, अडकून बसत असेल, ताप असेल किंवा पायातला जोर गेला असेल तर आधी डॉक्टरांकडं जा, हे मॅडम स्वतःच सांगतात. प्रत्येक गुडघ्याचं दुखणं नसेचं नसतं.

माझी आग गेली. वाटीच्या खाली रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. नवरात्रात योगेश्वरीच्या देवळात मी तासभर रांगेत उभी राहिले, पाय बोलला नाही.

परवा शेजारच्या काकूंनी नवी नी-कॅप आणली. मी टेप घेऊनच गेले. कड 11 इंच, मांडी 16. त्याच संध्याकाळी ती परत करायला लावली, आणि लातूरला जायला सकाळच्या एसटीची वेळ सांगून आले.