लग्नाआधी करार: केलेला बरा की न केलेला?

लग्न मोडलं तर मालमत्तेची वाटणी कशी करायची, हे आधीच लिहून ठेवणारा करार न करता लग्न केलं तर सुरुवात हलकीफुलकी होते, हे मान्य. पण पुढे फाटलंच तर वाटणी कायदा ठरवतो, तुम्ही नाही. करार करायचा तर दोघांना आपापली मालमत्ता आणि कर्जं कागदावर मांडावी लागतात. जोडीदाराच्या डोक्यावरचं कर्ज लग्नानंतर वसुलीच्या पत्रातून कळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. म्हणून मी कराराच्याच बाजूने आहे. मात्र आदल्या रात्री पुढे सरकवलेला कागद नको. वकील दोघांचे वेगळे हवेत, विचाराला सवड हवी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेच महत्त्वाचं मानलं: सही राजीखुशीने, परिणाम समजून केलेली असावी आणि करार अन्यायकारक नसावा. मुलांचा ताबा मात्र करारावर सोडता येत नाही. तिथे न्यायालय मुलांचं हितच बघतं.