जादा जमा झालेला पगार: परत करायचा की दाद मागायची?

एकाच्या खात्यात पगार दोनदा जमा होतो. दुसऱ्याच्या हातात निवृत्तीच्या तोंडावर पत्र पडतं की बारा वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली होती, आता वसुली होणार. दोन्हीकडे चूक मालकाचीच, पण दोघांनी एकच सल्ला ऐकला तर एकाचं नक्की नुकसान होईल.

खासगी नोकरी

अंधेरीतल्या कंपनीने 45 हजारांचा पगार दोनदा टाकला असेल, तर वादाला फारशी जागा नाही. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 72 नुसार चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. ‘चूक त्यांची, मी का भरू’ हा बचाव टिकत नाही. कळूनसवरून रक्कम दाबून ठेवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली तक्रार होण्याचा धोकाही आहे.

तेव्हा परत करा. एकरकमी की हप्त्यांनी, एवढंच ठरवायचं. पैसे खात्यात तसेच पडून असतील तर एकरकमी बरं, विषय मिटतो. घरभाडं, शाळेची फी यात खर्च झाले असतील तर हप्ते मागायला लाजू नका. वेतन संहिता 2019 मालकाला जादा रक्कम पगारातून कापू देते, पण त्या वेतनकाळातल्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या 50 टक्क्यांवर जाता येत नाही. अख्खा महिना कापून घेऊ म्हणणाऱ्या एचआरला हे लेखी कळवा. तुमच्या हातात आलं तेवढंच परत करा; कापलेला टीडीएस आणि पीएफ कंपनीने दुरुस्त करायचा, आणि तो 31 मार्चच्या आत झाला तर पुढची कटकट वाचते. पैसे कंपनीच्याच खात्यावर पाठवा आणि पोच घ्या. ईमेलमध्ये कुणी वेगळा खाते क्रमांक दिला तर आधी फोन करून खात्री करा.

सरकारी किंवा पालिकेची नोकरी

इथे याला ‘अतिप्रदान’ म्हणतात, आणि इथे लगेच मान तुकवू नये असं माझं ठाम मत आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी वसुली कुठे चालणार नाही ते सांगितलं: गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा प्रदान, वरच्या पदाचं काम करवून घेऊन दिलेला पगार, आणि जिथे वसुली अन्यायाची ठरेल अशी प्रकरणं. मंत्रालयातला लिपिक किंवा पालिकेतला शिपाई यांची वेतननिश्चिती आस्थापना शाखा करते. त्या चुकीची किंमत त्याने निवृत्तीच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) मोजावी, हे मला अन्यायाचंच वाटतं. 2022 मध्ये थॉमस डॅनियल खटल्यातही न्यायालयाने निवृत्त शिक्षकाकडची वसुली रद्द केली. त्याने काही लपवलं नव्हतं किंवा खोटं सांगितलं नव्हतं, हे तिथे महत्त्वाचं ठरलं.

अडचण हमीपत्राची. वेतन आयोगाचा विकल्प देताना ‘जादा रक्कम परत करीन’ अशी सही बहुतेकांनी केलेली असते, आणि जगदेव सिंग खटल्यात 2016 मध्ये न्यायालयाने अशा सहीमुळेच वसुली मान्य केली. पण तो न्यायिक अधिकारी होता. गट क च्या कर्मचाऱ्याने हा फरक आपल्या हरकतीत मांडायलाच हवा. गट अ किंवा ब चा अधिकारी असाल, सही केलेली असेल आणि चूक वर्षभरातलीच असेल, तर मात्र भांडण्यापेक्षा हप्ते ठरवून घ्या.

दाद कुठे

राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. पालिकेच्या कर्मचाऱ्याला मॅट लागू नाही. त्याचा रस्ता कामगार न्यायालयांतून किंवा उच्च न्यायालयातून. खासगी कंपनीने कपातीची मर्यादा मोडली तर वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय.

कुठेही जा, आधी सेवापुस्तकाची प्रत आणि मूळ वेतननिश्चितीचा आदेश हातात घ्या. कार्यालयाने घाईने ‘वसुलीस संमती’ असा कागद पुढे केला तर सही न करता लेखी हरकत द्या. आणि एक लक्षात ठेवा: रफिक मसीहचं संरक्षण मागच्या वसुलीपुरतं आहे. वेतननिश्चिती खरंच चुकली असेल तर पुढचा पगार किंवा निवृत्तिवेतन दुरुस्त होऊन कमी होऊ शकतं, आणि घरखर्चाचा हिशेब त्या कमी आकड्यावरच मांडायला हवा.