नऊ महिने हौदात गप्पी मासे: सोलापुरातला अनुभव

डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांनी आमच्या घरातले सगळे डास संपवले नाहीत, हे आधीच सांगतो. रात्री कानाशी गुणगुणणारे डास पुढं कित्येक महिने तसेच होते. दिवसा चावणारे मात्र जवळजवळ गेले, आणि आम्हाला भीती त्यांचीच होती.

घर भवानी पेठेत, जुनं. अंगणात जमिनीखाली हौद, न्हाणीत दोन बॅरल, गच्चीवर एक काळा बॅरल. नळ चार-पाच दिवसांआड येतो. तो आला की बादल्या, घागरी, पातेली, जे जे भरता येईल ते भरून ठेवायचं ही इथली पिढ्यांची सवय. गेल्या जूनमध्ये धाकट्याला डेंग्यू झाला. आठवडाभर रोज रक्त देऊन प्लेटलेटचा आकडा बघत बसलो. तो बरा झाल्यावर तपासणीला आलेल्या आरोग्यवाल्या ताईंनी हौदात टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "काका, वाकून बघा." पाण्यात शेकडो अळ्या वळवळत होत्या. आठवड्यातून एकदा हौद उपसून कोरडा ठेवा, असं त्यांनी सांगितलं. बायकोनं विचारलं, "मग नळ येईपर्यंत आम्ही काय वापरायचं, ताई?" त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पंधरा गप्पी मासे घेऊन आल्या.

पहिल्याच आठवड्यात सहा मेले. चूक माझी. नळाच्या दिवशी, ताजं पाणी भरलं त्याच संध्याकाळी मासे सोडले. ताज्या पाण्यातला क्लोरीन त्यांना सोसत नाही. तेव्हापासून हौद तळापर्यंत रिकामा होऊ देत नाही. निम्मं जुनं पाणी ठेवून वर नवं घेतो. त्यानंतर क्लोरीननं एकही मासा गेला नाही. उपसून कोरडं ठेवणं ज्याला जमत नाही त्याला मासे सोयीचे, कारण त्यांना मुळी जुनं पाणीच लागतं.

मी कारखान्यात हिशेब लिहितो, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. एका काचेच्या बरणीत वीस अळ्या घेतल्या, वर मलमलचं फडकं बांधलं. अळी डोकं खाली करून लोंबकळते आणि शेपटाकडच्या नळीनं पृष्ठभागावरून श्वास घेते. बरणीला टिचकी मारली की सगळ्या एकदम तळाला. सोमवारी ठेवलेल्यांपैकी बऱ्याच गुरुवारी स्वल्पविरामासारख्या वाकल्या. हा कोष. तो काही खात नाही, पण पळतो मात्र झटक्यानं. शनिवारी सकाळी फडक्याला आतून आठ-दहा डास चिकटलेले, काळ्या पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू पसरवणारा एडिस तो हाच. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. दुसऱ्या बरणीत तेवढ्याच अळ्या आणि एक मासा ठेवला होता. चहा पिऊन येईपर्यंत बरणी साफ.

पण खरी गंमत अंड्यांत आहे, आणि ती कळायला मला दोन महिने लागले. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढून भिजली की फुटतात. आता आपल्या नळाचं वेळापत्रक आठवा. चार दिवस पाणी उतरत जातं, मादी भिंतीला अंडी लावत जाते, पाचव्या दिवशी नळ येतो, पातळी चढते आणि सगळी अंडी बुडतात. आपणच उबवून देतो म्हणा ना! हौदात फुटलेली अळी माशाच्या तोंडी जाते. न्हाणीतल्या बॅरलात मासे नव्हते, तिथं नळ येऊन दोन दिवस झाले की अळ्या दिसायच्याच. नुसतं पाणी ओतून टाकून उपयोग नाही, अंडी भिंतीलाच राहतात. म्हणून आता नळ यायच्या आदल्या रात्री बॅरल रिकामे करून काथ्यानं आतून खसाखसा घासतो. दहा मिनिटांचं काम, पण कंटाळवाणं, आणि मुलं टाळतात.

माशांचे त्रासही आहेत. सुरुवातीला मोटर लावली की पिल्लं वरच्या टाकीत जायची. एकदा बायकोच्या आंघोळीच्या बादलीत मासा निघाला आणि मला दोन दिवस बोलणी बसली. फुटव्हॉल्व्हला, म्हणजे मोटरच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडाला, बारीक जाळी बांधल्यावर ते थांबलं. प्यायचं पाणी वेगळ्या झाकणाच्या पिंपात असतं, तिथं मासे नकोतच. खायला फारसं घालायचं नाही, पोट भरलेला मासा अळीकडं ढुंकून बघत नाही. गच्चीवरच्या काळ्या बॅरलात पाच सोडले होते, ते मार्चच्या उन्हात उकडून मेले. आता तो बॅरल पावसाळ्यापर्यंत पालथा.

रात्रीचे डास क्युलेक्स जातीचे. त्यांचा जन्म गटारात आणि संडासाच्या टाकीत, तिथं आमचे मासे काय करणार? शेजारच्या अक्कांनी सुचवलं म्हणून टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी तारेनं आवळली. तीन आठवड्यांत फरक पडला. खर्च म्हणाल तर चहाच्या दोन कपांचा. घरातल्या सगळ्या उपायांत स्वस्तात मस्त हाच निघाला. खिडक्यांना वेल्क्रोची जाळीही लावली. चांगली आहे, पण आमच्या गल्लीत माग चालतात, सुताचं तूस उडतं, दर पंधरवड्याला धुतली नाही तर वारा बंद. लिक्विडची मशिन दारं-खिडक्या उघड्या टाकून निम्मीच चालते, आणि एप्रिलमध्ये इथं खिडकी कोण लावतो? शिवाय एडिस चावतो दिवसा, मशिन लावतो आपण रात्री. धूर फवारणीची गाडी आली की पोरं मागं धावतात. त्या धुरानं उडते डास मरतात. अळी आणि कोष पाण्यात सुखरूप, आठवड्याभरात नवी फौज हजर. बॅटबद्दल काही बोलत नाही, तिसरी चालू आहे.

आमच्या पेठेत बऱ्याच घरांचं मूळ गाव तेलंगणात. तिथल्याच सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांना ॲनोफेलिस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. हे मी अक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग अजून डास कसे राहिले?" उत्तर सुचलं नाही.

ज्या दोस्तानं "हौदात मासे? येडा झाला का बे?" म्हणून चिडवलं होतं, तो गेल्या महिन्यात मासे मागायला आला. हा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, त्यामुळं उरलेल्या नऊचे आता किती झाले ते मोजता येत नाही. ओळखीच्या कुणाला हवे असतील तर घेऊन जावेत. झाकणाला भोकं पाडलेली बाटली आणावी, आणि आमच्या नळाचा दिवस सोडून यावं.